गायींना हाका मारणाऱ्या बायांची कॅसेट

त्या वर्षी कपाशी माणसाच्या छातीला लागली होती. तासात, म्हणजे दोन ओळींच्या मधल्या चालायच्या पट्टीत, माणूस जरा वाकला की धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, दिसायचा नाही. बाहेरगावचा पाहुणा आला की म्हणायचा, काय झकास पऱ्हाटी आहे तुमची. माय एक बोंड तोडायची, नखानं उकलायची आणि पाहुण्याच्या तळहातावर ठेवायची. आत हिरवी अळी वळवळत असायची. झाड हिरवंगार आणि बोंड आतून खाल्लेलं, असं ते वर्ष होतं. त्याच्या आधीचंही तसंच, आणि पुढची दोन-तीनही.

अळी मरत नव्हती. पहिल्या फवारणीला थोडी मरायची, दुसरीला त्याहून कमी, आणि तिसरीला तर ती अंघोळ करून आल्यासारखी टवटवीत दिसायची. आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीला पाणी होतं, पण खारट. त्यात औषध फाटायचं, दही झाल्यासारखं तरंगायचं. म्हणून फवारणीसाठी गोडं पाणी लांबच्या टाकीवरून ड्रमात भरून बैलगाडीनं आणावं लागायचं. आणि एवढ्या कष्टानं आणलेलं पाणी एकाच औषधात कशाला घालवायचं, असा विचार करून आमच्याकडचे लोक दोन औषधं एकत्र करायला लागले. दोनानं भागेना तेव्हा तीन. कोणी सांगितलं होतं असं नाही. पाणी वाचवायचं म्हणून केलं. आणि पाहा, इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी मी औषध औषधच म्हणते आहे. दुसरा शब्द आमच्या घरात कोणी तोंडातून काढायचं नाही.

वास मात्र लपत नव्हता. गोठ्यात, गोधडीत, चुलीजवळच्या लाकडांतसुद्धा तो गोडसर, घशाशी येणारा वास होता. सुभाषभाऊ, माझा थोरला भाऊ, फवारणी करून आला की त्याला घरात यायची बंदी होती. अंगणातल्या निंबाखाली अंघोळ, कपडे तिथंच फांदीवर, आणि तरी दोन दिवस हाताचा वास जायचा नाही. शेतातच जेवायची वेळ झाली तर माय त्याला भाकरीला हात लावू द्यायची नाही. कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी, वर तेलाची धार, असा एकेक घास करून ती त्याच्या तोंडात घालायची. मिशी फुटलेला, लग्नाचा झालेला माणूस, दोन्ही हात मागे बांधून लहान लेकरासारखा आ करून उभा. मी हसायचे. तो तोंड भरलेलं असताना डोळे वटारायचा. मायला मात्र कधी हसू आलं नाही.

शेजारच्या गावात एक माणूस फवारता फवारता कपाशीच्या तासातच पडला आणि दुपार उलटेपर्यंत कोणाला कळलं नाही. तेव्हापासून आमच्या गावातल्या बायांनी एक रीत घातली. कोणीही माणूस एकट्यानं औषध मारायला जायचा नाही. घरातलं एक जण धुऱ्यावर बसणार. दर फेरीला ते हाक देणार, "होऽऽ" अशी लांब, आणि आतून त्यानं "होऽऽ" म्हणायचं. दोन हाकांना उत्तर आलं नाही तर पाणी घेऊन धावायचं. आणि त्याला स्वतःला गरगरल्यासारखं झालं तर त्यानं हाकेची वाट न बघता आपणच ओरडायचं. त्या मोसमात सकाळी पांदणीनं चाललं की दोन्ही बाजूंच्या शेतांतून या हाका यायच्या, बाईची, मग पुरुषाची, मग पुन्हा बाईची. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, काही गाणं चालू आहे. भाऊ तेवढ्यातही चावटपणा करायचा. "जित्ता हाओ अजून!" असं ओरडायचा, आणि माय इकडून त्याच्या जिभेचा उद्धार करायची.

मी तेव्हा शिवणक्लासला दर्यापूरला जात होते. शाळा दहावीनंतर सुटली होती. क्लास एकला संपायचा आणि आमच्या गावाकडची जीप चारला भरायची. मधले तीन तास मी मुनाफचाचांच्या दुकानात बसायचे. चाचा आणि बाबा जुने दोस्त. चाचांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, मागे घर, आणि घरात चाची, जी मला आल्याबरोबर काहीतरी टाके घालायला द्यायची आणि वर शेवया खाऊ घालायची. चाचा दुरुस्ती करायचे, पण त्यांचा खरा धंदा कॅसेट भरून द्यायचा. कोणाला भजनं, कोणाला कव्वाल्या, कोणाला लग्नात वाजवायची गाणी. कोऱ्या कॅसेटी महाग, म्हणून ते जुन्या आणायचे आणि पुसून वापरायचे. कॅसेटच्या डोक्यावरच्या भोकात कागदाचा बोळा कोंबायचा, मशीनमध्ये घालायची, लाल दिवा लावायचा. मग आधी जे होतं ते गेलं.

एकदा त्यांनी अकोल्याहून पत्र्याची एक पेटी आणली. आत कॅसेटी काठोकाठ. मी उलथापालथ करायला लागले तर एकीवरही ओळखीचं नाव नाही. सगळी इंग्रजी, आणि इंग्रजीसुद्धा कुठली. चित्रं मात्र अशी, की डोळे हलेनात. चाचा म्हणाले, "भंगारवाल्यापाशी मिळाल्या. कोनी साहेब व्हता शेतकीतला, सारी दुनिया फिरून आलता. गेला बिचारा. घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी पेटी काढली. ऐकायचं तर ऐकून घे बेटा, मी तं पुसूनच राहिलो."

म्हणून मी ऐकायला लागले. आवड वगैरे काही नव्हती. कोणीतरी आयुष्यभर गोळा केलेलं डोळ्यांसमोर पुसलं जातं आहे, तर निदान एकदा कोणी ऐकावं, एवढंच. शिवण मांडीवर आणि चाचांची दुकानातली मशीन कानाशी. घरी जाऊन शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात देश शोधायचे. बल्गेरिया म्हणून एक देश आहे, तिथल्या बाया एकमेकींच्या इतक्या जवळून गायच्या की दोन आवाजांच्या मधून सुई जाणार नाही, आणि तरी दोन्ही आवाज वेगळे. ऐकताना दाढेत कळ यायची. मालीतला एक म्हातारा भोपळ्याला तारा लावून वाजवायचा, आणि तारा किती तर मोजता मोजता मी चित्राला भोक पाडलं. जावा बेटावरची काशाची वाद्यं लावली तेव्हा चाची आतून म्हणाली, कासाराच्या दुकानात मांजर शिरलं वाटतं. पण मग हातातलं लाटणं तसंच धरून उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि बाजू संपेपर्यंत हलली नाही. बर्फाळ मुलुखातला एक जण एकाच गळ्यातून एका वेळी दोन आवाज काढायचा, एक जमिनीखालचा आणि एक शिट्टीसारखा. त्याला ऐकून चाचा म्हणाले, "याच्या नरड्यात भुंगा शिरला. दवाखान्यात न्या रे याले कोनी." दुसऱ्या दिवशी त्याच्यावर हळदीची गाणी भरली. त्या माणसाला आमच्या तालुक्यात ऐकणारी मी पहिली आणि शेवटची असेन. कधीकधी चार वाजता जीपमध्ये बसताना वाटायचं, आपण रोज कोणाला तरी पोचवून येतो आहोत.

पाच कॅसेटी मी चाचांकडून मागून घेतल्या. चाचीच्या चार झंपरांची शिलाई मी फुकट केली, आणि त्यावर खूष होऊन चाचांनी जुन्या भागांतून जोडलेलं कानाला लावायचं छोटं मशीनही दिलं. त्या पाचांतली एक म्हणजे गायींना हाका मारणाऱ्या बायांची. थंड देशातली, पार उत्तरेकडची. कव्हरवर डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई, मागे डोंगर, डोंगरावर ठिपक्यांएवढ्या गायी. चाचा ती लगेच पुसणार होते, म्हणाले, याच्यात गाणं कुठं हाये, बाया ढोरं हाकून राहिल्या. खरंच होतं ते. वाद्य नाही, ताल नाही. उंच, कापणारी, लांब हाक, आणि मग डोंगरातून तिचाच येणारा जवाब. पण मी ऐकलं आणि अंगावर काटा आला. आमच्या धुऱ्यावरच्या बाया, दुसरं कोण? माझ्या भावाची मुलगी परवा मला म्हणत होती, आत्या, तू फक्त नाव सांग, आता फोनवर दुनियेतली कुठलीही कॅसेट सापडते. नाव मला पाठ आहे. मी तिला सांगितलं, विसरले.

त्या दिवशी मायला ताप होता. बाबा ड्रम शेतात उतरवून, गाडी सोडून, खत आणायच्या गडबडीत गावात गेले होते. धुऱ्यावर बसायची पाळी माझी. वारा अजिबात नव्हता. ढग खाली आलेले, आणि शेजारच्या शेतांत सकाळी मारलेलं औषध हवेत न उडता कपाशीच्या वर पातळ धुरासारखं थांबून राहिलेलं. भाऊनं तोंडाला रुमाल बांधला, पंप पाठीवर घेतला आणि जाता जाता म्हणाला, आज तिसरंही टाकलं, अळीचा बाप मरतो पाहा. मग तो खालच्या बोंडांसाठी वाकून तासात शिरला आणि पहिल्या दहा पावलांतच दिसेनासा झाला. फक्त पंपाच्या दांड्याचा चक-चक आवाज.

मी हाका दिल्या. तीन, चार. प्रत्येकीला उत्तर आलं. मग मी डब्याच्या फडक्यातून ते मशीन काढलं. खरं तेच सांगते, आणण्याचा निश्चय मी घरूनच करून निघाले होते. आधी एकाच कानाला लावलं, दुसरा भावासाठी मोकळा. एका कानानं त्या बाया नीट ऐकू येत नव्हत्या, म्हणून दुसराही लावला. मनात म्हटलं, दर गाण्याच्या शेवटी काढून एक हाक देऊ. पहिलं गाणं संपलं, काढलं, हाक दिली, उत्तर आलं. दुसरं संपलं, तेव्हा तिसरं लागलीच सुरू झालं. तिसरं मला सगळ्यांत आवडायचं.

ते संपत आलं असताना, बाईच्या हाकेच्या मागे, मला पुरुषाचा आवाज ऐकू आला. जाड, लांबून आलेला. एकदा. मग बाईनं हाक दिली, आणि पुन्हा तोच आवाज, या वेळी तुटका. आणि मी काय केलं? मी हसले. मला वाटलं, पाहा, इतक्यांदा ऐकली ही कॅसेट आणि डोंगरावर गडीमाणूसही आहे हे आज कळलं. इतका आनंद झाला मला. मी डोळे मिटून पुढचं ऐकू लागले, की तो पुन्हा येतो का. आला नाही.

बाजू संपली आणि बटण टक् करून वर आलं. कान मोकळे केले तर शेतात काहीच नव्हतं. चक-चक नाही, पाखरू नाही. मी हाक दिली. पुन्हा दिली. तिसरी दिली नाही, पाण्याची बादली घेऊन धावले. भाऊ कपाशीच्या एका तासात कुशीवर पडला होता, पंप पाठीवरच, औषध गळून पाठ भिजलेली. तोंडाला फेस, अंगातून घाम असा वाहत होता की माती काळी झाली होती, आणि डोळे उघडे पण बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी पट्टे सोडले, कपडे फाडले, बादलीवर बादली ओतली. ते सगळं गोडं पाणी. ओतता ओतता मी ओरडत होते, आणि तीन शेतं पलीकडच्या बाया पहिल्याच हाकेला धावत आल्या. त्यांचे कान उघडे होते.

जीपनं दर्यापूर, तिथून अकोल्याचा मोठा दवाखाना. वाटेत बाबा भेटले ते तसेच पाठीमागे चढले, मांडीवर भावाचं डोकं आणि हातात औषधाचे तीन डबे. माझे ओले कपडे अंगाला चिकटलेले, आणि कमरेला खोचलेलं ते मशीन मला सारखं टोचत होतं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्यानं डबे वाचले, कपाळाला हात लावला आणि विचारलं, पडल्याला किती वेळ झाला? बाबा माझ्याकडे वळले. धुऱ्यावर मीच होते ना.

"आत्ताच" असं म्हणता आलं असतं. कोणी बघितलं नव्हतं. बाबांचा चेहरा समोर होता, आणि मला माहीत होतं की खरं बोलले तर तो चेहरा पुन्हा पहिल्यासारखा व्हायचा नाही. पण नेमकं उत्तर मलाच ठाऊक होतं. तिसरं गाणं दहाव्या मिनिटाला संपतं, बाजू तीस मिनिटांची.

मी म्हटलं, "मी धावली तवाच वीस मिनिटं झाले व्हते. त्यानं हाक मारलती. मले ऐकू आलती."

डॉक्टरनं मान हलवली आणि नर्सला सुया आणायला सांगत आत गेला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एसटीत शेजारी कोण येऊन बसलं ते बघावं, तसं.

भाऊ वाचला. सहाव्या दिवशी उठून बसला. खिडकीतून येणाऱ्या उन्हात त्याचा उजवा हात चादरीवर सारखा थरथरत होता, जसा पुढेही शेवटपर्यंत थरथरत राहिला. पुढे तो पुष्कळ वर्षं जगला, पण सदऱ्याची गुंडी त्याला कधी लावता आली नाही. बाबा चहा आणायला गेलेले, माय उशाशी. मी त्याला सगळं सांगून टाकलं.

तो छताच्या पंख्याकडे बघत होता. म्हणाला, "म्या हाक मारलीच नाई, नंदे. डोयापुढे अंधारी आली अन् खाली बसलो. तोंडातून सबदच निघत नव्हता."

"मंग तो आवाज कोनाचा व्हता?"

"तुह्या टेपातला असंन," असं म्हणून तो हसला आणि भिंतीकडे कुशीवर वळला.

तो खरं बोलला की मला सोडवायला बोलला, हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि नंतर विचारायची हिंमत झाली नाही. मायनं मात्र मनावर घेतलं. घरी आल्यावर ती रोज मागे लागली. तिचं गणित सरळ होतं. "लाव ना एकडाव. मी बी ऐकतो. त्याच्यात गड्याचा आवाज निघाला तं तुह्या बापाले मी सांगतो. सुटशीन तू." मी म्हटलं, आणि नाही निघाला तर? माय चुलीत फुंकर घालायला लागली.

तुम्ही म्हणाल, इतक्यांदा ऐकलेली कॅसेट, तुला ठाऊक नाही? तेच तर सांगते आहे. दवाखान्यातल्या त्या सहा दिवसांत मी ती डोक्यात एवढ्या वेळा वाजवली, की कधी त्या डोंगरावर पुरुष असायचा आणि कधी नसायचा. दोन्ही मला शपथेवर खरं वाटायचं. बाबा घरात होते, जेवत होते, बैलांशी बोलत होते. माझ्याशी बोलताना फक्त कामापुरतं. एक बटण दाबलं की निकाल लागणार होता. ते मशीन फडताळात आठ दिवस पडून होतं आणि मी त्या फडताळातून मीठसुद्धा काढत नव्हते.

क्लास पुन्हा सुरू झाला त्या दिवशी मी कॅसेट घेऊन चाचांकडे गेले. चाचांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी कॅसेट हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि मशीन माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, अगोदर ऐक बेटा. मन मोकळं होईल, हो की नाही ते एकदाचं कळेल.

मी म्हटलं, "पुसा."

"काय भरू?"

"काईच नाई. कोरी करा."

त्यांनी कागदाचा बोळा कोंबला, कॅसेट घातली, लाल दिवा लागला. आवाज काही येत नव्हता, फक्त चाकं फिरत होती. पुसायला तेवढाच वेळ लागतो, जेवढा ऐकायला. चाचीनं स्टूल आणून दिलं, मी बसले नाही. भिंतीवर घड्याळ होतं. आठ मिनिटं झाली, नऊ झाली. दहाव्या मिनिटाला तिसरं गाणं संपतं. चाचा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचं बोट बंद करायच्या बटणावर होतं, मी मान हलवायचीच खोटी. मी घड्याळाकडे बघत राहिले. अकरा झाली. मग बारा. चाचांनी बोट काढून घेतलं.

बाजू संपल्यावर त्यांनी कॅसेट बाहेर काढली आणि म्हणाले, "दुसरी बाजू राहिली. तिच्यात तं काई भानगड नाई ना? ती ठेवू तुले ऐकाले?"

मी म्हटलं, तीपन पुसा.